साडेबावीस तासांची रात्र

दुपारी २

माझा कामाचा दिवस झोपेपासून सुरू होतो. दुपारी दोनला जाड पडदे ओढायचे, फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा आणि आडवं व्हायचं. झोप लागली तर उत्तम, नाही लागली तरी डोळे मिटून पडून राहायचं. बावीस वर्षं हे करतेय, तरी शरीर दर वेळी कुरकुरतं. रात्री दोन ते पहाटे सहा ही माणसाचं शरीर सगळ्यांत मंद चालण्याची वेळ. आमच्या ड्युटीच्या नियमांतही हा पट्टा वेगळा धरलेला आहे. आणि मुंबई–न्यूयॉर्क फेरीचं मोठं काम नेमकं त्याच वेळात पडतं.

गेल्या काही वर्षांतल्या एका जानेवारीतली ही फेरी. संक्रांत होऊन गेली होती, त्या दिवशी किंक्रांत. पार्ल्याच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर मुलं अजून पतंग उडवत होती आणि प्रत्येक काटाकाटीला ओरडत होती. मध्येच सगळं शांत झालं. सासूबाई वर जाऊन मुलांशी बोलून आल्या होत्या, हे मला नंतर कळलं. माझी चार तासांची झोप त्यांनी मिळवून दिली.

रात्री ९

उठले तेव्हा बाहेर काळोख होता. सूर्य सहा वाजून वीस मिनिटांनी मावळला होता. ही वेळ तेव्हा माझ्या लक्षातही नव्हती, पुढे ती फार महत्त्वाची ठरली.

वरण-भात, थोडी भाजी. पोट जड ठेवून उडता येत नाही, कारण वर हवेचा दाब कमी झाला की पोटातली हवा फुगते. मग अंघोळ, अंबाडा, युनिफॉर्म. लेकीनं झोपण्यापूर्वी नेहमीचं विचारलं, "कधी येणार?" मी म्हटलं, "चौथ्या दिवशी." निघताना सासूबाईंनी हातावर दही ठेवलं. आज किंक्रांत आहे, प्रवासाला निघू नये, हे त्यांच्या ओठावर आलं होतं. पण बावीस वर्षांत त्यांनी ते एकदाही बोलून दाखवलेलं नाही.

रात्री ११.१५

पार्ल्याहून सहारला पोचायला त्या वेळी पंधरा मिनिटंही लागत नाहीत. ड्युटीवर हजर झालं की आधी श्वासाची चाचणी. नळीत फुंकायचं, यंत्रावर शून्यच उमटायला हवं. डीजीसीएचा, म्हणजे सरकारी विमान वाहतूक नियामकाचा, नियम इतका कडक आहे की अल्कोहोल असलेला माउथवॉशही आम्हाला चालत नाही. माझ्या बॅगेत त्यासाठी लवंगांची डबी असते.

मग ब्रीफिंग. आम्ही केबिन क्रू चौदा जण, पायलट चार. निम्म्या जणांनी एकमेकांना याआधी पाहिलेलंही नसतं. वीस मिनिटांत त्यांची एक तुकडी व्हायला हवी. मी प्रत्येकाला एकेक प्रश्न विचारते. तुझ्या दाराबाहेर आग दिसली तर? ओव्हनमधून धूर निघाला तर? एखाद्याचा फोन सीटच्या खाचेत पडला तर? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या केबिनमध्ये काम करणाऱ्याला झोपेतही आलं पाहिजे: सीट अजिबात हलवायची नाही, प्रवाशालाही हलवू द्यायची नाही. आडव्या होणाऱ्या सीटच्या यंत्रात फोन चेपला तर त्याची लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. आणि दारांचं म्हणाल तर, विमानाला प्रमाणपत्र मिळतं तेच मुळी निम्म्याच दारांतून नव्वद सेकंदांत सगळे बाहेर पडू शकतात, हे दाखवल्यावर. बाहेरच्यांना आम्ही ट्रे नेणारी माणसं वाटतो. ट्रे आम्ही नेतोच, आणि मन लावून नेतो. पण विमानात माणसं ठेवण्याचं पहिलं कारण ती दारं आहेत.

मग प्रवाशांची यादी. पुढच्या केबिनमध्ये, म्हणजे आमच्या भाषेत जे-क्लासमध्ये, बत्तीस जण. नऊ जैन मील, दोन मधुमेहींचे. व्हीलचेअर सहा.

रात्री १२.३०

बोइंग ७७७-३००ईआर. लांबी जवळजवळ चौऱ्याहत्तर मीटर. रिकामं विमान मला फार आवडतं. दिवे पूर्ण लागलेले असतात, नव्या धुतलेल्या चादरींचा वास असतो आणि आवाज फक्त एसीचा. आम्ही ऑक्सिजनचे बाटले, अग्निशामक, प्रथमोपचाराची पेटी, हृदय पुन्हा सुरू करायचं यंत्र, सगळं हात लावून तपासतो. नुसतं पाहून चालत नाही.

मग गॅली. जेवण जमिनीवर शिजवून, झटपट थंड करून, डब्यांत भरून येतं. आम्ही ते गरम करतो आणि वाढतो. मोजणी करताना लक्षात आलं की जैन मील आठच आहेत. नोंद नऊची होती. "मॅडम, एक हिंदू व्हेज देऊन टाका ना," केटरिंगचा मुलगा म्हणाला. त्यात कांदा होता, बटाटा होता. मी सही केली नाही. त्यानं फोन केला, गाडी परत गेली आणि बोर्डिंग अर्ध्यावर आलं तेव्हा नववा डबा आला. मुलगा घामाघूम झाला होता. त्याला मी पाण्याची बाटली दिली. चूक त्याची नव्हती, पण तो डबा परत आणायला पळावं त्यालाच लागलं.

रात्री १

जे-क्लासमध्ये कोण बसतं? सुटाबुटातले कंपन्यांचे अधिकारी असतातच. सकाळी आठला उतरून दहाला मीटिंगला बसणारे. पण मुंबईहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानात त्यांच्याइतकेच दिसतात ते आई-वडील. मुलगा-मुलगी न्यू जर्सीत, गुडघे गेलेले, सोळा तास पाय लोंबकळत ठेवायला डॉक्टरांनी मनाई केलेली. मुलांनी पैसे साठवून तिकीट काढलेलं असतं. आणि मग हिऱ्यांचे व्यापारी. बांद्रा-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्सपासून मॅनहॅटनच्या ४७व्या रस्त्यापर्यंत त्यांची ये-जा इतकी नित्याची की काहींना मी नावानं ओळखते. नऊ जैन मील होते ते त्यांच्यामुळे.

३ए वरचे काका सत्तरीकडे झुकलेले. पांढरा सदरा, हातात एक छोटी पिशवी. वेलकम ड्रिंकचा ट्रे पुढे केला तेव्हा त्यांनी हात जोडले.

"चौविहार आहे," म्हणाले.

सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत अन्न नाही, पाणी नाही. हे व्रत मला माहीत होतं, मुंबईत वाढलेल्या कुणाला माहीत नसतं! मी ट्रे मागे घेतला. तेव्हा त्यांनी अगदी सहज विचारलं, "बेन, सूरज क्यारे ऊगशे?"

मी थबकले. आम्ही पश्चिमेला उडणार होतो. रात्र आमच्या सोबतीनं पळणार होती. या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. "विचारून सांगते, काका," एवढंच म्हणाले.

मधल्या जोडीत, त्यांच्या रांगेतच, एक आजी-आजोबा होते. पुण्याचे. आजींनी नऊवारीवर स्वेटर घातला होता. सीटची बटणं पाहून त्या हात आखडून बसल्या, काही बिघडायला नको म्हणून. मी वाकून त्यांना एकच बटण दाखवलं, आडवं व्हायचं. बाकीची नंतर. त्यांनी माझा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, "अगं, किंक्रांत आहे बघ. बारा वाजून गेले म्हणून काय झालं, सूर्य उगवेपर्यंत किंक्रांतच. मुलानं तारीख न बघता तिकीट काढलं."

एका रांगेत दोन माणसं, एकमेकांना अनोळखी, दोघंही सूर्याकडे डोळे लावून.

रात्री २.२०

दारं आर्म, क्रॉसचेक. मी जंप सीटवर, पट्टे आवळून, हात मांड्यांखाली. टेकऑफच्या वेळी आम्ही गप्प असतो ते थकव्यानं नाही. त्या अर्ध्या मिनिटात प्रत्येक जण मनात उजळणी करत असतो: दार कसं उघडायचं, बाहेर काय बघायचं, आज्ञा कोणत्या शब्दांत द्यायची. मी बावीस वर्षांत एकदाही ती चुकवलेली नाही.

समुद्राच्या दिशेनं विमान वर गेलं. जुहूचा किनारा, मग दिवे संपले.

रात्री २.५०

माझं एक मत आहे आणि ते मी वरिष्ठांना लेखीही कळवलंय. रात्री तीनला चार टप्प्यांचं जेवण वाढणं बरोबर नाही. टेबलक्लॉथ, सूप, मुख्य जेवण, चीज, गोड, मध्ये वाइन. सगळं रीतसर करायला दोन तास जातात आणि प्रवाशाच्या झोपेतून ते दोन तास वजा होतात. जाहिरातीत ताटं आणि पेले दिसतात, कारण झोपेचा फोटो काढता येत नाही. पण लोक पैसे मोजतात ते आडवं होण्यासाठी. एअर इंडियाचं बोइंग ७०७ १९६० साली मुंबईहून लंडनमार्गे न्यूयॉर्कला जायला लागलं, तेव्हापासून चार दशकं पुढच्या केबिनमध्येही लोक बसूनच डुलक्या काढत गेले. पूर्ण सपाट होणारी सीट आधी फर्स्ट क्लासमध्ये आली. बिझनेस क्लासमध्ये ब्रिटिश एअरवेजनं ती २००० साली आणली आणि मग एकेक करून सगळ्यांना आणावी लागली. एका खाटेच्या जागेत मागे तीन-चार खुर्च्या बसतात. इतकी महाग जागा कंपन्या देतात ती झोपेसाठी. म्हणून मी माझ्या केबिनमध्ये प्रत्येकाला आधी विचारते: आत्ता झोपायचं का? हो म्हटलं की लगेच गादी घालते. जेवण त्यांच्या सवडीनं.

जेवणाऱ्यांना मात्र नीट वाढायचं. विमानातली चव हा वेगळा विषय आहे. विमान अडतीस हजार फुटांवर असलं तरी केबिनमधला दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखा असतो, कळसूबाईच्या शिखरापेक्षाही उंच. हवेत ओलावा वीस टक्क्यांच्याही खाली. नाक कोरडं पडतं, मीठ आणि साखर जिभेला कमी लागतात. टोमॅटोची, आमसुलाची, हिंगाची चव मात्र टिकते. म्हणून डाळ-भात वर चांगला लागतो आणि नाजूक सॉसचे पदार्थ फिके पडतात. पाणीही ९३ अंशांच्या आसपासच उकळतं. चहा मुरायला दुप्पट वेळ द्यावा लागतो. घाई केली की पुणेकर आजोबा कप खाली ठेवून काही न बोलता खिडकीकडे बघतात. त्यांना मी दुसरा करून दिला, पाच मिनिटं झाकून.

पहाटे ४

वाढणं आटोपल्यावर इंटरफोनवर कॅप्टनना विचारलं, "सर, सूर्योदय कुठे दिसेल?" असा प्रश्न त्यांना केबिनमधून क्वचितच येतो. मी कारण सांगितलं. त्यांनी वाट, वेग, समोरचा वारा सगळं पाहिलं. जानेवारीत अटलांटिकवर जेट स्ट्रीम तोंडावर येतो. परतताना तोच पाठीशी असतो आणि फेरी दोनेक तास आधी आटोपते. दहा मिनिटांनी त्यांचा फोन आला. "नोव्हा स्कोशियाच्या अलीकडे. मुंबईच्या घड्याळानं संध्याकाळी पाच वाजायला दहा मिनिटं कमी असतील. मागेपुढे होईल थोडं."

मी बोटांवर मोजलं. काल सहा वीस ते आज चार पन्नास. साडेबावीस तासांची रात्र.

काकांना सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "आणि नवकारशी," ते म्हणाले. म्हणजे सूर्योदयानंतरची आणखी अठ्ठेचाळीस मिनिटं. काही जण घरच्या घड्याळाचा सूर्योदय धरतात, त्यांचा स्वतःचा नेम मात्र डोळ्यांना दिसेल त्या सूर्याचा. मी काळजीनं म्हटलं, "काका, इथली हवा फार कोरडी असते. पाण्याविना इतका वेळ..." त्यांनी मला अठ्ठाईचं सांगितलं. आठ दिवसांचा उपवास त्यांनी पाच वेळा केलाय. मग मी वाद घातला नाही. इतकंच म्हटलं, "दर तासाला येऊन बघून जाईन. चक्कर आली, डोकं दुखलं तर लगेच सांगायचं." त्यांनी मान हलवली आणि उशी सरळ केली.

उतरण्याची वेळ सहा वीसच्या आसपास. चार पन्नास अधिक अठ्ठेचाळीस म्हणजे पाच अडतीस. पाच पन्नासला विमान खाली येऊ लागणार. त्यानंतर गॅली बंद करावी लागते. म्हणजे मला बारा मिनिटं होती. मी त्यांचा नाश्ता वेगळ्या ओव्हनमध्ये ठेवला आणि डब्यावर मार्करनं "३ए, ५.३८" लिहिलं.

पहाटे ५.१५

दिवे मंद करून पंधरा मिनिटं झाली होती. ६के वरचा तरुण उठून गॅलीत आला. सीट अर्ध्यावर अडकली होती, ना बसता येईना, ना झोपता येईना. त्यानं तिकिटाला चांगले पैसे मोजले असणार, आवाजही चढला होता. चढणारच. मी आधी विचारलं, "फोन कुठे आहे?" खिशात होता. मग सीटचा वीजपुरवठा बंद करून दोन मिनिटं थांबले, पुन्हा सुरू केला. काही नाही. शेवटी गुडघ्यांवर बसून खालची हातानं ओढायची दोरी शोधली, मोबाइलचा टॉर्च दातांत धरला, एका हातानं दोरी खेचली आणि दुसऱ्या हातानं पाठ खाली दाबली. तिसऱ्या झटक्याला सपाट झाली. आता ती सकाळपर्यंत उठणार नव्हती, तसं त्याला सांगितलं. मी गादी घातली, चादर खोचली, पांघरूण दिलं. तो पडला तेव्हा म्हणाला, "सॉरी, मी ओरडलो." मी म्हटलं, "झोपा आता."

पहाटे ५.४५ ते सकाळी १०.३०

ही माझी राखण.

माझे आजोबा कुडाळजवळच्या गावात भात पिकायला लागलं की रात्री शेतातल्या माळ्यावर बसायचे. रानडुकरं यायची. हातात पत्र्याचा डबा आणि काठी. लहानपणी मी एकदा हट्टानं त्यांच्याबरोबर गेले होते. मला वाटलं होतं, रात्रभर डबा वाजवायचा असतो. आजोबांनी तो एकदाही वाजवला नाही. ते नुसते ऐकत बसले होते. कुठे काय हलतं, वारा आहे की जनावर, ते कानानं निवडत होते.

अंधाऱ्या केबिनमध्ये मी तेच करते. पायांत सपाट चपला, टॉर्च बोटांत झाकलेला. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक फेरी. कुणाचं पांघरूण घसरलंय. कुणाचा श्वास वेगळा लागतोय. टॉयलेटचं दार किती वेळ बंद आहे. झोपणाऱ्याला मी आधीच सांगितलेलं असतं की पट्टा पांघरुणावरून लावा, म्हणजे हादरे बसायला लागले तर तुम्हाला उठवून बघावं लागणार नाही. पडदा सरकवताना कड्या वाजू नयेत म्हणून त्या मुठीत धरायच्या. बर्फ चमच्यानं ठेवायचा, टाकायचा नाही. गॅलीतल्या कपाटाचं कुलूप बंद करताना अंगठा मध्ये घालायचा, म्हणजे खट्ट होत नाही. माझ्या उजव्या अंगठ्याला त्यामुळे कायमचा घट्टा आहे. नव्या मुलींना मी वाइनची नावं नंतर शिकवते, कुलूप आधी.

मागच्या केबिनमध्ये अडीचशेवर माणसं बसल्या बसल्या माना टाकून झोपलेली असतात. पडद्यापलीकडे जाऊन मी तिथेही फेरी मारते. एक बाई बाळाला छातीशी धरून उभी होती, बसलं की ते रडायचं. तिला मी पुढच्या गॅलीत आणलं, जंप सीटवर बसवलं, गरम दूध दिलं. नियमात पुढचं पुढे आणि मागचं मागे असतं. पण थोडा वेळ उभी असलेली आई नियमात कुठे बसवायची, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.

काका दर तासाला झोपलेले होते. उजव्या कुशीवर, हात उशीखाली, लहान मुलासारखे. दोनदा मी त्यांच्या छातीचं वरखाली होणं मोजलं. आजी मात्र जाग्या होत्या. खाट सपाट, त्या तिच्यावर ताठ बसलेल्या.

"झोप येत नाही का, आजी?"

"इतक्या मऊ गादीवर सवय नाही गं. आणि तू उभी, मी झोपू कशी?"

मी त्यांच्या पायांशी बसले. पाय सुजले होते, फार वेळ बसून राहिलं की सुजतात. त्यांना घोटा फिरवायला दाखवलं. त्यांनी पिशवीतून डबा काढला, तिळगूळ. माझ्या हातावर दोन ठेवले, "गोड बोल" म्हणाल्या. मग एक काकांच्या कडेच्या फळीवर ठेवला, नॅपकिनवर. "उठले की घेतील." मी सांगितलं की ते सूर्य उगवल्यावरच घेतील. आजी जराशा थांबल्या. मग म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं." आणि पांघरूण ओढून आडव्या झाल्या.

खाली कुठेतरी तुर्कस्तान, मग युरोप सरकत गेला. नकाशावरची बारकी रेघ आणि बाहेर उणे पंचावन्न अंशांचा काळोख.

सकाळी १०.३० ते दुपारी २.३०

माझा बंक. मागच्या दारापाशी एक चिंचोळा जिना आहे, प्रवाशांना तो कपाटाचं दार वाटतो. वर छताखाली खाटा. उठून बसता येत नाही, कुशीवर वळताना खांदा छताला लागतो. पट्टा लावायचा, पडदा ओढायचा. चार तासांतले अडीच तास झोप लागली.

दुपारी ३

पूर्वेकडे, म्हणजे आमच्या पाठीमागे, क्षितिजावर राखाडी रेघ दिसायला लागली. जमिनीवर तांबडं फुटलं की सूर्य यायला फार वेळ लागत नाही. इथे तो येईचना. त्या अक्षांशावर पृथ्वी ताशी हजार-अकराशे किलोमीटर वेगानं फिरते आणि आम्ही पश्चिमेला आठशेनं पळत होतो. सूर्य आम्हाला गाठत होता, पण जेमतेम. राखाडीची तांबडी व्हायला तास गेला, तांबडीची केशरी व्हायला आणखी एक. मी इतकी वर्षं या वाटेवर आहे, पण ही पहाट अशी मिनिटा-मिनिटानं कधी पाहिली नव्हती. त्या दिवशी मला ती पाहावी लागली.

दुपारी ३.४५

दिवे एकदम लावायचे नाहीत, हळूहळू वाढवायचे. गरम टॉवेल. नाश्ता. कुणाला ऑम्लेट, कुणाला उपमा. ६के वरचा तरुण सपाट सीटवर मांडी घालून बसला आणि ट्रे मांडीवर घेतला. सात तास झोपला होता, हे त्यानं मला दोनदा सांगितलं.

काका उठून तोंड पुसून बसले होते. ओठ सुकले होते, नजर स्वच्छ. मी काही न बोलता त्यांच्या डाव्या खिडकीची झडप दोन बोटं वर केली. उजेड इतरांच्या डोळ्यांवर जाऊ नये इतकीच.

दुपारी ४.५२

कॅप्टनचा फोन आला नाही, त्यांनी फक्त गॅलीतली घंटी एकदा वाजवली. मी ३ए पाशी गेले. खिडकीतून मागे पाहावं लागत होतं, इंजिनाच्या आणि पंखाच्या पलीकडे. ढगांच्या कडेला आधी एक ठिपका पेटला. मग तो लांबट झाला, मग गोल.

काकांनी हात जोडले. मधल्या रांगेतून आजी उठून उभ्या राहिल्या होत्या, माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. त्यांनीही हात जोडले. "संपली किंक्रांत," त्या आजोबांना म्हणाल्या. दोन मिनिटं गॅलीतल्या मुलींना मी हाक मारली नाही, त्यांनीही मला मारली नाही.

पाच चाळीस. नेम दोन मिनिटांनी पुढे सरकला होता. सगळे कार्ट आवरले होते, एक ओव्हन चालू. मी घड्याळाकडे बघत होते, काका बघत नव्हते. पाच चाळीसला त्यांच्यासमोर उकळून कोमट केलेलं पाणी ठेवलं. त्यांनी डोळे मिटून काहीतरी म्हटलं, पेला दोन्ही हातांनी उचलला आणि अगदी हळू, पाच-सहा घोटांत संपवला. दुसरा पेला. मग नॅपकिनवरचा तिळगूळ उचलला, आजींकडे पाहून मान लववली आणि तोंडात टाकला. नाश्त्यातले त्यांनी चार घास खाल्ले. पाच एक्कावन्नला पट्ट्यांची खूण लागली, तेव्हा ट्रे माझ्या हातात होता.

संध्याकाळी ६.२०

चाकं टेकली. न्यूयॉर्कचं घड्याळ सकाळचे सात पन्नास. माझ्या मनगटावर मुंबई असते, फेरी संपेपर्यंत मी ते बदलत नाही. काल याच मिनिटाला तिकडे सूर्य मावळला होता.

दारं डिसआर्म. प्रवासी उतरताना मी दाराशी उभी राहते, प्रत्येकाच्या डोळ्यांत बघते. झोप मिळाली की नाही ते तिथे कळतं. आजींनी पांघरुणाची चौकोनी घडी घालून, वर उशी ठेवून सीट सोडली होती. व्हीलचेअरवर बसताना त्यांनी माझी अलाबला घेतली, बोटं मोडली. काका पिशवी घेऊन चालत गेले. "बेन," म्हणाले आणि पुढे काही बोलले नाहीत.

रात्री ८.४०

हॉटेलवर पोचले. घरी फोन केला. लेक जेवत होती. गणितात किती मिळाले ते तिनं सांगितलं, तिळगूळ मीही खाल्ला हे मी तिला सांगितलं. अंबाडा सोडला, पिना मोजून डबीत ठेवल्या, पडदे ओढले. बाहेर सकाळ झाली होती, बर्फावर ऊन पडलं होतं. दाराच्या मुठीला "व्यत्यय आणू नये"ची पाटी अडकवून आडवी झाले.

डोळा लागता लागता कॉरिडॉरमधून एका ट्रॉलीची चाकं वाजत आली. साफसफाईची बाई असावी, दारोदार थांबत येत होती. माझ्या दाराजवळ आल्यावर चाकांचा आवाज मंद झाला. तिनं ट्रॉली पुढून थोडी उचलून धरली असावी. आवाज थांबला. मग तीन-चार दारं पलीकडे तो पुन्हा सुरू झाला.